बाईसाहेबांचा ताप: नाशिक ते तारापूर

शुक्रवारी सकाळी साडेसहाला आम्ही नाशिक सोडलं तेव्हा गाडीत दोन माणसं, एक बॅग, सासूबाईंसाठी द्राक्षांची पेटी आणि पाण्याचे सहा कॅन होते. कॅन आमच्यासाठी नव्हते. आमच्यासाठी एक लहानशी बाटली होती, आणि तीही वेळ पडली तर गाडीलाच द्यायची असं ठरलं होतं.

गाडी अठरा वर्षांची, रंगाने डाळिंबी, स्वभावाने मानी. घरात तिला सगळे बाईसाहेब म्हणतात. आमची मुलगी तीन दिवसांची असताना हिच्यातूनच दवाखान्यातून घरी आली आणि गेल्या जूनमध्ये हिच्यातूनच पुण्याच्या कॉलेजच्या वसतिगृहात पोचती झाली. अठरा वर्षांत बाईसाहेब कधी आजारी म्हणून पडल्या नाहीत. पण दिवाळीनंतर त्यांना ताप येऊ लागला. पाच-सात मैल गेलं की सुई वर चढायची, बॉनेटखालून वाफ यायची आणि मी रस्त्याच्या कडेला, कमरेवर हात ठेवून, लोकांच्या सल्ल्यांचा स्वीकार करत उभा राहायचो.

आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकने थर्मोस्टॅट बदलला. मग पाण्याचा पंप बदलला. मग पंख्याची मोटर बदलली. काढलेले सगळे भाग त्याने एका गोणपाटाच्या पिशवीत घालून प्रामाणिकपणे डिकीत ठेवले, आणि शेवटी मान हलवून म्हणाला, "काका, हेड गॅसकेट गेलं असणार. इंजिन उघडावं लागेल. त्यापेक्षा..."

माझी बायको शैला हिने बाकीचं काही ऐकलं नाही. तिने फक्त 'त्यापेक्षा' ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिने भंगारवाल्याला सोमवारी सकाळी दहाची वेळ देऊन टाकली.

मी रडलो नाही, पण रडण्याचा अभिनय उत्तम केला. त्यावर तिने अट घातली. तिची आई उमरोळीला राहते, पालघर आणि बोईसरच्या मधल्या गावात. आईची धाकटी बहीण, कमळमावशी, तारापूरला. जावई गाडीने येणार आणि मला बहिणीकडे नेणार, हे सासूबाईंनी महिनाभर आधीच सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं. शैला म्हणाली, "आईला घेऊन ही गाडी उमरोळीहून तारापूरला एकदाही न उकळता पोचली, तर भंगारवाल्याला मी स्वतः परत पाठवीन. उकळली, तर सोमवारी तुम्ही मध्ये एक अक्षर बोलायचं नाही."

"मंजूर," मी म्हणालो. एक अक्षर न बोलण्याची अट मी आयुष्यात प्रथमच मान्य करत होतो. यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं.

त्र्यंबक मागे पडलं, डोंगर जवळ आले, आणि सुई उठून बसली. मोखाड्याच्या वळणांवर ती लाल पट्टीकडे अशी सरकत होती, जशी लग्नाच्या पंगतीत एखादी आत्याबाई श्रीखंडाच्या पातेल्याकडे सरकते: घाई नाही, पण निश्चय पक्का. एसी आम्ही नाशिकमध्येच बंद केला होता. आता मी उलटा उपाय केला. गाडीचा हीटर पूर्ण चालू केला. इंजिनाची उष्णता थोडी आत ओढून घेतली की इंजिनाला तेवढाच उतार पडतो, हे मला कुणीतरी सांगितलं होतं. उतार पडला, पण तो सगळा आमच्या अंगावर. माघातली गार सकाळ, खिडक्या सताड उघड्या, पायांवर भट्टीचा वारा आणि तोंडावर थंडीचा. शैलाने एका हाताने साडीचा पदर खांद्यावर घट्ट ओढला आणि दुसऱ्या हाताने स्वतःला वारा घालू लागली.

"अर्धी कुडकुडतेय, अर्धी शिजतेय," ती म्हणाली. "आता मीठ-मसाला तेवढा लावा."

जव्हारच्या अलीकडे बाईसाहेबांनी अखेर वाफ सोडली. जागा मात्र छान निवडली. मोहाच्या झाडाखाली चहाची टपरी होती आणि खाली उतरत गेलेल्या पिवळ्या गवताच्या टेकड्या, मध्येच एखादं पळसाचं झाड नुकतंच पेटलेलं. टपरीवरची बाई चुलीपाशी बसली होती. तिने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गाडीचीच जास्त दया आलेली दिसली.

"तापली का? सावलीला लावा तिला," ती म्हणाली. "मानूस तापला तरी आमी तेच करतो."

"किती वेळ लागेल उतरायला?"

"मानसाला का गाडीला?"

"गाडीला."

"मला काय ठावं? माज्याकडं गाडी नाय. नवरा हाय, त्याला दोन दीस लागतात."

शैला इतकी हसली की तिचा राग चहाच्या दोन कपांपुरता तरी विरघळला. आम्ही उकडलेल्या शेंगा खाल्ल्या. गाडीने दोन कॅन पाणी प्यायलं. पुढे उतार लागला, विक्रमगड, मनोर, असं करत आम्ही उरलेलं अंतर अर्धं पाण्यावर आणि अर्धं नवसावर पार केलं. मनोरला हमरस्ता ओलांडून पालघरच्या वाटेला लागलो तेव्हा पाचवा कॅन रिकामा होत होता. उमरोळीत शिरताना सहावा संपला. दुपारचे दोन वाजले होते. एरवी चार तासांची वाट आम्ही साडेसात तासांत उरकली होती.

सासूबाई ओट्यावर उभ्या होत्या. वय ऐंशीच्या घरात, अंगकाठी शेवग्याच्या शेंगेसारखी आणि नजर घारीची. त्या पायऱ्या उतरून थेट आल्या. मला वाटलं मला भेटायला येताहेत. त्या माझ्या बाजूने निघून गाडीच्या नाकासमोर जाऊन वाकल्या.

"नवं हाय ना जागेवर?"

"आहे ना आई! कुणाला हात लावू दिला नाही."

नवं म्हणजे काय, हे सांगायला हवं. दसऱ्याला या बाजूला नव्या भाताच्या लोंब्या (दाण्यांनी भरलेली कणसं), आंब्याची पानं आणि कुरडूची फुलं यांची जुडी करून ती दाराला, विहिरीला, नांगराला बांधतात. ज्याच्यावर घर चालतं त्या प्रत्येकाला नव्या धान्याचा पहिला मान. आम्ही दसऱ्याला इथेच होतो, तेव्हा सासूबाईंनी गाडीलाही नवं बांधलं. अगदी भरगच्च, मूठभर लोंब्यांचं. वर्षभर ते काढायचं नाही, पुढच्या दसऱ्याला नवं आलं की जुनं उतरवायचं. मी ते इतकं निष्ठेने पाळलं होतं की नाशिकच्या मेकॅनिकने गाडीची पुढची जाळी खोलायला स्क्रू ड्रायव्हर लावला, तेव्हा मी त्याचा हातच धरला होता. "तेवढी जागा सोडून बाकी सगळं बघ. ते सासूबाईंचं आहे." सासूबाईंचं नाव घेतल्यावर जगातला कुठलाही विवाहित मेकॅनिक मागे सरतो. तोही सरला.

"दिसत तं नाय," सासूबाई जाळीतून डोकावत म्हणाल्या.

"आत आहे. खोल." मी म्हटलं, आणि त्यांना द्राक्षांच्या पेटीकडे वळवलं.

संध्याकाळी अंगणात उकडहंडी लागली. या मुलखात थंडीत आलात आणि उकडहंडी न खाता गेलात, तर तुम्ही आलाच नव्हता. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्डीचा रानपाला दाबून भरायचा. त्यावर वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी, मसाला भरलेली छोटी वांगी. वरून पुन्हा पाला, आणि मडक्याचं तोंड पाल्यानेच गच्च बंद करून ते उपडं ठेवायचं. मग भोवती गवत आणि गोवऱ्या रचून पेटवायचं. थेंबभर पाणी नाही. भाज्या आपल्याच वाफेत शिजतात. मी मदत म्हणून मडक्याच्या तोंडाचा पाला जरा सारखा करायला गेलो, तर सासूबाईंनी माझ्या हातावर चापट मारली.

"जावयबापू, तोंड गच्च पायजे. वारा शिरला का हंडी फसली. वारा नाय, म्हनून तं आतल्या आत शिजतं."

मडकं उघडलं आणि असा काही वास सुटला की शेजारच्या दोन घरांतली माणसं काही ना काही विचारायला येऊन गेली. मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. सासूबाईंचं ते वाक्य मात्र कोनफळाबरोबर गिळून टाकलं. चावलं असतं तर दुसऱ्या दिवशीचा बराच तमाशा वाचला असता, पण मग हे लिहायला काही उरलं नसतं.

शनिवारी सकाळी शैलाने नियम कडक केला. "आईला बसवायच्या आधी आपण दोघं बोईसरपर्यंत जाऊन येऊ. तिकडेच उकळली, तर आई रिक्षाने जाईल. आणि तुम्ही सोमवारी..."

"एक अक्षर बोलायचं नाही. माहीत आहे."

सासूबाई लुगडं नेसून, डब्यात बहिणीसाठी रव्याचे लाडू भरून ओट्यावर बसल्या होत्या. "लवकर या," म्हणाल्या. "कमळीला बारा वाजता जेवायची सवय हाय. आन मी रिक्षानं जायाची नाय. सांगून ठेवते."

उमरोळी सोडलं तेव्हा सगळं गोड होतं. भात कापून रिकामी झालेली शेतं, त्यांच्यात वालाची हिरवी लव, बांधाबांधावर ताडाची झाडं. ताडांच्या गळ्याला ताडीची मडकी अडकवलेली. सुई मध्यावर. मी शीळ घातली. शैला म्हणाली, "शीळ घालू नका, ती ऐकते."

ऐकलंच. बोईसर आलं आणि कारखान्यांच्या पाळीची गर्दी अंगावर आली. बसेस, टँकर, सायकली, डबे अडकवलेल्या मोटरसायकली. गाडी गोगलगायीच्या चालीने चालली आणि सुई मात्र घोड्याच्या. एका चौकात शेजारच्या मोटरसायकलवरचा कामगार वाकून म्हणाला, "अंकल, चाय बना रहे हो क्या अंदर?" सिग्नलला उभ्या सगळ्यांनी ते ऐकलं. मी खिडकीतून मुजरा केला, डावीकडे वळलो आणि शेजारच्या सालवड गावातल्या एका शांत गल्लीत शिरून, कुणाच्या तरी फाटकासमोर गाडी थांबवली. बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला. शैलाने घड्याळ पाहिलं. सव्वानऊ.

"झालं," ती म्हणाली. आवाजात विजय नव्हता. खरं सांगायचं तर तिचा हात डॅशबोर्डवर होता, पुण्याच्या हॉस्टेलच्या दारात मुलीला सोडून परत फिरताना होता तसाच. पण अट ती अट.

मी बॉनेट उघडलं, फडकं हाताला गुंडाळलं आणि रेडिएटरच्या टोपणाला हात घालणार, तोच फाटकाच्या आतून गर्जना झाली.

"ओ पावनं! टोपान उघडू नका! तोंड भाजंल!"

पाण्याचा पाइप हातात घेऊन जास्वंदीच्या झाडाआडून एक गृहस्थ बाहेर आले. बनियन, चट्ट्यापट्ट्याची लुंगी, पांढऱ्या भरघोस मिशा आणि कानामागे पेन्सिल. सकाळी झाडांना पाणी घालताना कानामागे पेन्सिल ठेवणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

"दहा मिंटं थांबा. दाब उतरू द्या," ते म्हणाले. "मूळचं गाव कुठलं?"

"नाशिक."

"आमी सांगलीकडचं. पस्तीस वर्सं हितल्या वीजकेंद्रात काढली. थंड पाण्याच्या पंपांवर फोरमन. लोकं वीज तयार करायची, आमी ती करनाऱ्या यंत्राला थंड ठेवायचो. सगळे मला नाना म्हनत्यात." मग ते गाडीकडे वळून, रोग्याच्या नातेवाइकाशी बोलावं तसं हळू आवाजात म्हणाले, "काय काय बदललं?"

मी यादी दिली. डिकीतली पिशवी उघडून दाखवली. नानांनी जुना थर्मोस्टॅट हातात घेतला, जुना पंप फिरवून पाहिला आणि पिशवीत परत ठेवला.

"हे तर धडधाकट हाय सगळं! दुखतंय पोट आन उपटलेत दात!"

"आता गॅसकेट गेलं म्हणतात. इंजिन उघडायचं म्हणतात."

"कुनी बघितलं?"

"बघितलं असं नाही. वाटतंय म्हणाले."

"वाटतंय!" नानांनी पेन्सिल कानामागून काढली. "वहिनी, आमच्याकडं 'वाटतंय' म्हनलं की साहेब केबिनमधनं बाहेर काढायचा. आधी मोजायचं, मग बोलायचं. मला एक तास देता का?"

शैलाने पुन्हा घड्याळ पाहिलं. "साडेदहापर्यंत. तिकडे आई ओट्यावर बसलीय आणि ती रिक्षात बसणार नाही."

"साडेधा म्हंजे लई झालं," नाना म्हणाले, आणि घरातून एक लांबोडी वही घेऊन आले. तिच्या पानांवर आधीच रकाने आखलेले होते. ते घरातल्या पाण्याच्या टाकीचंसुद्धा रोजचं रीडिंग लिहीत असत, हे मला नंतर त्यांच्या सौभाग्यवतींनी चहा देताना दबक्या आवाजात सांगितलं. "निवृत्त झाले, पण पाळी सुटली नाही त्यांची."

आता जे झालं ते मी नाटकासारखं सांगणार आहे, कारण ते नाटकच होतं.

पहिला अंक. गाडी निवाली. नानांनी ऑइलची पट्टी ओढून काढली आणि ती सूर्याकडे धरली. "गॅसकेट गेलं की पानी तेलात मिसळतं. तेल दुधाच्या च्यासारखं दिसतं. हे बघा." तेल काळंभोर, स्वच्छ चकाकत होतं. मग आता गार झालेलं टोपण उघडून त्यांनी पाणी भरलं आणि मला इंजिन चालू करायला सांगितलं. आम्ही तिघं रेडिएटरच्या तोंडात असे डोकावलो, जशी विहिरीत पडलेली कळशी बघतात. "बुडबुडे येत्यात?" नाही. "मागनं पांढरा धूर?" शैला मागे जाऊन आली. नाही. नानांनी वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचलं: "गॅसकेट निर्दोष."

मी टाळी वाजवली. शैला म्हणाली, "पण तापते तर आहे."

दुसरा अंक. टोपण लावून गाडी तापू दिली. सुई वर चालली. नानांनी फडक्यातून रेडिएटरचा वरचा रबरी पाइप चाचपला, मग खालचा. "वहिनी, तुमी बगा. जपून."

शैलाने दोन्हींना फडकं लावून पाहिलं. "दोन्ही सारखेच भाजतात."

"हां!" नानांचे डोळे चमकले. "वरनं गरम पानी आत येतं, रेडिएटरात थंड होतं, खालनं इंजिनाकडं परत जातं. खालचा पाइप गारच लागला असता, तर पानी फिरत न्हाई असं म्हनलं असतं. पंपाचा दोष, थर्मोस्टॅटचा दोष. पन हितं पानी झकास फिरतंय. जातंय गरम आन येतंयबी गरम. म्हंजे काय?"

मला शाळेत फळ्याजवळ उभं केल्यासारखं वाटलं. "म्हणजे... उष्णता उतरत नाही?"

"शाब्बास! पान्याचा गुन्हा न्हाई. आता ऱ्हायला एकच संशयित." ते थांबले. या माणसाला कुठे थांबायचं ते कळत होतं. "वारा."

तेवढ्यात पंखा घरघरत सुरू झाला. नानांनी ओसरीवरचं वर्तमानपत्र उचललं, त्याचं एक पान गाडीच्या नाकासमोर, जाळीला टेकवून धरलं आणि हात सोडला. "पंखा आतनं वारा ओढतो. कागद चिकटून ऱ्हायला पायजे."

कागद चिकटला नाही. तो सावकाश, लाजत, माझ्या चपलांवर येऊन पडला. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा पडला. पंखा मागे जीव तोडून फिरत होता आणि पुढे एक कागदसुद्धा हलत नव्हता.

आणि मला अंगणातली ती चापट आठवली. "उकडहंडी!" मी ओरडलो. नाना दचकले. "शैला, आई काय म्हणाली? वारा नाही म्हणून आतल्या आत शिजतं! कुणीतरी हंडीचं तोंड बंद केलंय!"

"कुनी?" नाना म्हणाले आणि टॉर्च घेऊन खाली बसले. रेडिएटरच्या पुढे एसीची एक पातळ जाळी असते, आणि त्या दोघांच्या मध्ये चार बोटांची फट. समोरून पाहिलं तर एसीची जाळी दिसते, मागून पाहिलं तर पंखा. मधलं कुणालाच दिसत नाही. नानांनी गाडी बंद करायला लावली, पुढची जाळी काढली, मग रेडिएटरचे वरचे दोन नट सोडले आणि तो हलकेच मागे कलता केला. वरून टॉर्चचा झोत आत गेला. त्यांनी तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला.

"पावनं," ते शेवटी म्हणाले, "तुमच्या गाडीत भाताची शेती हाय."

त्यांनी लांब चिमट्याने ओढलं आणि बाहेर आली एक लोंबी. दाणे खाऊन मोकळी. मग दुसरी. मग पेंढा, तुसांचा पसा, आंब्याच्या पानांचे चुरगळलेले तुकडे, बॉनेटच्या अस्तराचा कापूस, आणि हे सगळं धुळीने एकमेकांत दाबून बसलेलं, गादीसारखं. उंदराचं घरटं. जवळजवळ अख्ख्या रेडिएटरवर पसरलेला चांगला दोन खोल्यांचा फ्लॅट. मालक मात्र कधीच सोडून गेला होता.

"हे नवं आहे," शैला पुटपुटली. "आईनं बांधलेलं. पण ती तर बाहेर, जाळीवर बांधत होती ना दसऱ्याला? आत कसं गेलं?"

मी आकाशाकडे पाहिलं. सालवडचं आकाश स्वच्छ होतं.

"अहो?"

"मी म्हटलं होतं," मी कबूल केलं, "बाहेर बांधलं तर रंगाला ओरखडे येतील. म्हणून मीच आत ढकललं. चांगलं खोल."

म्हणजे गुन्हा असा घडला होता: उंदराला जेवण मी ताटात वाढलं, ताट त्याच्या दारात सरकवलं, आणि मेकॅनिक दार उघडायला आला तेव्हा त्याचा हात धरून पाहुण्याला संरक्षणही दिलं.

पण चिमटा अजून चालू होता. शेवटी घरट्याच्या गाभ्यातून तपकिरी लोकरीचा एक मऊ गोळा निघाला. शैलाने तो पाहताच कमरेवर हात ठेवले. डिसेंबरात माझी माकडटोपी हरवली होती. रस्त्यात पाणी घालताना मी ती इंजिनावर ठेवून विसरलो असणार. घरी आल्यावर मात्र ती शैलानेच कुणाला तरी देऊन टाकली, असं मी तीन आठवडे, वेगवेगळ्या चालींत म्हणत होतो.

"तीन आठवडे," शैला म्हणाली.

"उंदराला थंडी वाजत असेल," नाना मध्यस्थीच्या सुरात म्हणाले.

तिसरा अंक फार छोटा आहे. नानांनी झाडांचा पाइप लावून मागच्या बाजूने रेडिएटर असा धुतला की जास्वंदीलाही चिखलाची आंघोळ झाली. नट बसवले, जाळी लावली, इंजिन सुरू केलं. सुई मध्यावर आली, पंखा लागला. नानांनी कागद उचलला, जाळीपाशी नेला आणि पुन्हा मागे घेऊन शैलाच्या हातात दिला. "वहिनी, मान तुमचा."

शैलाने कागद जाळीला लावला आणि सोडला.

ठप्प! चिकटला. पोस्टाचं तिकीट चिकटावं तसा. वर्तमानपत्राची मोठी बातमी बाईसाहेबांच्या नाकावर फडफडत राहिली. नानांच्या सौभाग्यवतींनी ओसरीवरून टाळ्या वाजवल्या. मी त्या गल्लीत, वयाची पंचावन्न वर्षं विसरून, भांगड्यासारखं काहीतरी केलं. नानांनी वहीत लिहिलं: "१०:२०. वारा सुरू." आणि खाली सही केली. काय द्यायचं म्हणून विचारलं तर त्यांनी मिशा पुसल्या. "पाच वर्सं झाली, कुनी तापलेलं यंत्र आनून दाखवलं नव्हतं. तुमीच मला दिलंय."

मोकळ्या लोंब्या मी टाकल्या नाहीत. रुमालात बांधून घेतल्या. उमरोळीला सासूबाई त्याच जागी, त्याच कोनात, डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पुढच्या सीटवर बसल्या, डावा हात खिडकीवर ठेवला, आणि आळीतून निघताना प्रत्येक दाराकडे एकेकदा पाहून घेतलं. बोईसरची गर्दी पुन्हा आली. मी सुईकडे पाहत होतो, शैला मागच्या सीटवरून सुईकडे पाहत होती, आणि सासूबाई आम्हा दोघांकडे. सकाळच्याच चौकात पाच मिनिटं अडकलो. सुई मध्यावर खिळा ठोकल्यासारखी. मग मी एक अतिरेक केला. एसी लावला.

"बंद करा!" शैला ओरडली.

"बघत राहा."

सुई हलली नाही. सासूबाईंनी पदर सावरला. "गार वारा येतो तो ठेवा. चांगला हाय."

पुढे रस्ता मोकळा झाला. चिंचणीच्या घरांतून डाय (दागिन्यांचे ठसे) कोरणाऱ्यांची बारीक ठकठक येत होती. मग वाड्या, नारळ, आणि वळणावर अचानक खाऱ्या वाऱ्याबरोबर सुकत घातलेल्या बोंबलांचा तो रुबाबदार वास. तारापूरला कमळमावशी दारातच उभ्या होत्या. बारा वाजायला दहा कमी होते.

"जावयाच्या गाडीतनं आलीस गं बाई!" त्या म्हणाल्या.

"मंग? सांगितलं व्हतं ना!" सासूबाई म्हणाल्या, आणि उतरताना बाईसाहेबांच्या बॉनेटवर तळवा ठेवला. मी धसकलो. "बघा. माज्या कपाळाएवडीच ऊन हाय."

जेवणात बोंबलाचं कालवण होतं, तांदळाच्या भाकऱ्या होत्या. मी इतका जिंकलेला होतो की पोटभर जेवल्यावर धाडस सुचलं. रुमाल उघडून लोंब्या सासूबाईंपुढे ठेवल्या आणि सगळं खरं सांगितलं. नवं, मी ते आत ढकलल्याचं, उंदीर, माकडटोपी. शुभ म्हणून बांधलेल्या नव्यानेच गाडी तापत होती, हे ऐंशी वर्षांच्या बाईला सांगणं सोपं नाही.

सासूबाईंनी एकेक लोंबी उचलून निरखली. बोटाने दाण्यांच्या रिकाम्या जागा चाचपल्या.

"एक दाना टाकला नाय त्यानं," त्या कौतुकाने म्हणाल्या. "भाताच्या शेतात पयला घास उंदराचाच असतो. नवं त्याला पोचलं, म्हंजे बरोबर पोचलं. चूक कोनाची? पायलीभर जेवन वाढून दार कोनी लावलं?"

"माझी," मी म्हणालो.

"मंग झालं. पुढल्या दसऱ्याला बाहेर बांधीन. रंग गेला तं जाऊ द्या."

रविवारी परत निघालो तेव्हा कॅन रिकामेच डिकीत घातले. सासूबाईंनी त्यांतल्या दोन कॅनमध्ये तांदूळ भरून दिले. जव्हारच्या पलीकडे त्याच मोहाच्या झाडाखाली मी मुद्दाम थांबलो, काही न बिघडता. टपरीवरची बाई म्हणाली, "उतरला का ताप?" मी म्हटलं, "उतरला." ती म्हणाली, "मंग माज्या नवऱ्याला पन तुमच्या डागदराकडं न्या."

मोखाड्याच्या चढावर मी सुईकडे बघणं सोडून दिलं आणि डोंगरांकडे बघू लागलो. किती महिने मी या सगळ्या वाटा त्या बोटभर काचेतूनच पाहत होतो. तीन महिने आम्ही गाडीतून चांगलं ते काढत होतो आणि वाईट ते जपत होतो, तेही श्रद्धेने. गाडीचं ठीक आहे. पण तीन आठवडे टोपीवरून बायकोशी भांडलो, त्याचं रीडिंग कुणाच्या वहीत आहे? घाट संपता संपता मी माफी मागितली. शैला म्हणाली, "पुन्हा म्हणा. एसीच्या आवाजात ऐकू आलं नाही." ऐकू आलं होतं.

सोमवारी दहाच्या ठोक्याला भंगारवाला आला. अट जिंकली होती, तरी मी एक अक्षर बोललो नाही. नुसता दारात उभा राहिलो. शैला खाली गेली आणि डिकीतली गोणपाटाची पिशवी त्याच्या हातात दिली. त्याने ती उघडून पाहिली, मग पार्किंगमधल्या चकचकीत बाईसाहेबांकडे पाहिलं.

"आणि गाडी, ताई? खराब झाली होती ना? काय निघालं आत?"

"भात," शैला म्हणाली. त्याला आणखी काही सांगायच्या भानगडीत ती पडली नाही. गाडीपासून चांगली वीस पावलं लांब, कुंपणाच्या कोपऱ्यात जाऊन तिने आईच्या तांदळाची एक मूठ ठेवली, आणि मागे वळून मला हाक मारली, "किल्ली आणा. भाजी आणायला जायचंय. मी चालवते."